नारळफोडे सर

मीटिंग संपायला पाच मिनिटं उरली की आमच्या नारळफोडे सरांच्या चेहऱ्यावर तेज येतं. तोवर तासभर ते शांत असतात. कुणी खर्चाचं बोलतं, कुणी उशिराचं, कुणी तो उशीर शेजारच्या खात्यामुळेच कसा झाला ते पुराव्यानिशी सांगतं. सर लॅपटॉपच्या झाकणामागे अर्धेमुर्धे दिसत राहतात. मग कुणीतरी विचारतं, "बरं, मग आता पुढे काय?" सगळे एकदम टेबलाकडे बघायला लागतात. आणि सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "मी काय म्हणतो, याची एक टीम उघडू या."

खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटतं. प्रश्न होता तिथेच असतो, पण आता त्याला राहायला जागा मिळालेली असते.

नारळफोडे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते आमच्या सपोर्ट डेस्कवर पडलं. आमदार येतात, भूमिपूजन करतात, नारळ फुटतो, फोटो निघतात आणि पुढची दहा वर्षं त्या कोनशिलेला अंग घासत म्हशी उभ्या राहतात, तसं सरांचं. कोनशिलेवर नाव त्यांचं आणि म्हशी आमच्याकडे. हिंजवडीच्या फेज टू मधल्या आमच्या इमारतीत असे एकटे तेच आहेत असं मात्र कुणी समजू नये. मोठ्या कंपनीत दर मजल्यावर असा एक माणूस सापडतोच. आमचे सर त्यांतले ज्येष्ठ, एवढंच.

मायक्रोसॉफ्ट टीम्स 2017 च्या मार्चमध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याआधी सर शेअर्ड ड्राइव्हवर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर टू' काढून हौस भागवायचे. तो त्यांचा उमेदवारीचा काळ. टीम्स आलं आणि त्यांना खरं मैदान मिळालं. सरांना दिसतं ते इतकंच, की नाव टाइप करायचं, बटण दाबायचं, दिसेल त्याला मेंबर करायचं आणि 'वेलकम ऑल!' लिहून त्यापुढे फुगे टाकायचे. बटणाच्या पलीकडे काय होतं ते आम्ही बघतो. एक मायक्रोसॉफ्ट 365 ग्रुप जन्माला येतो. त्याला स्वतःचा ईमेल पत्ता आणि सामायिक मेलबॉक्स मिळतो, कॅलेंडर मिळतं, फायली ठेवायला शेअरपॉइंटची आख्खी साइट उभी राहते, वननोटची कोरी वही येते. मंडळींनी एकमेकांना 'हाय' म्हणायच्या आत बंगला, बाग, विहीर सगळं तयार. मग मंडळी 'हाय' म्हणतात आणि निघून जातात.

आणि यातल्या कशालाही मुळात कुणाची परवानगी लागत नाही. कंपनीनं मुद्दाम कुलूप लावलं नाही, तर सोमवारी रुजू झालेला ट्रेनीसुद्धा मंगळवारी टीम उघडू शकतो. ही व्यवस्था कुणी गाफीलपणे ठेवलेली नाही. एका फोल्डरसाठी आयटीकडे फॉर्म भरायचा, साहेबाची सही घ्यायची आणि फोल्डर मिळेस्तोवर काम संपवूनही टाकायचं, असे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना या मोकळीकीचं मोल कळेल. ज्याला काम आहे त्यानं आपली जागा आपण घ्यावी, हा विचार चांगलाच आहे. फक्त तो करणाऱ्यांनी नारळफोडे सरांना पाहिलेलं नव्हतं.

या मोकळीकीलाही एक हद्द आहे. साध्या कर्मचाऱ्याला 250 पेक्षा जास्त ग्रुप काढता येत नाहीत. आम्हाला हे वाचून ठाऊक होतं, पण त्या हद्दीला प्रत्यक्ष पाय लावून आलेला माणूस आम्ही पाहिला नव्हता. एके दिवशी सरांचं तिकीट आलं. विषय : सिस्टिम बिघडली आहे. तपशील : नवी टीम उघडत नाही. प्रायॉरिटी : हाय. बिझनेस इम्पॅक्ट : सर्व कामं ठप्प.

मी त्यांच्या जागेवर गेले. "सर, सिस्टिम ठीक आहे. तुमच्या अडीचशे झाल्या."

"अडीचशे काय?"

"टीम्स. त्याच्या वर एका माणसाला काढता येत नाहीत."

सर थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, ओशाळले. मग हळूच म्हणाले, "कंपनीत आणखी कुणाच्या झाल्यात का गं?"

"नाही सर."

"हं," म्हणाले, आणि मला कॅन्टीनमध्ये नेऊन चहा पाजला. दुसऱ्या दिवसापासून ते आपल्या ज्युनियरला सांगायला लागले, "तुझ्या लॉगिनवरनं एक उघड रे."

त्यांच्या टीम्सची नावं एकाखाली एक वाचली की आमच्या कंपनीचा खरा इतिहास कळतो. 'गरुड'. 'गरुड कोअर'. 'गरुड कोअर न्यू'. 'गरुड कोअर न्यू फायनल'. 'गरुड वापरू नये'. यातली 'वापरू नये' ही एकच चालू होती. सगळं काम तिच्यात व्हायचं, कारण क्लायंटला पहिली लिंक तिची गेली होती आणि क्लायंटला लिंक बदलली म्हणून सांगायची कुणाची छाती नव्हती. 'टेस्ट' नावाच्या तर कितीतरी होत्या. एकाच नावाच्या अनेक टीम्स निघू शकतात, सॉफ्टवेअर त्याला हरकत घेत नाही, आणि सरांनाही कधी हरकत वाटली नाही. शिवाय एक 'सरप्राइज फेअरवेल' होती. सरांनी तिच्यात खात्यातल्या सगळ्यांना घातलं होतं. सगळ्यांना म्हणजे ज्यांचा निरोप होता त्यांनाही. त्या बाईंनीच मग केक कोणता हवा ते लिहिलं.

2020 च्या मार्चमध्ये सगळे घरी बसले आणि सरांना सुगीचे दिवस आले. जगभरच ती लाट होती. टीम्स रोज वापरणारे मार्चच्या मध्याला 4.4 कोटी होते, ते एप्रिलअखेर 7.5 कोटी झाले. आमच्याकडे प्रत्येक मॅनेजरला वाटायला लागलं, की माणसं डोळ्यांसमोर नाहीत तर निदान एका टीममध्ये तरी असावीत. सरांनी त्या काळात 'डेली स्टँडअप', 'डेली स्टँडअप फॉलोअप', 'वेलनेस', 'व्हर्च्युअल चहा' अशी कामगिरी केली. 'व्हर्च्युअल चहा'मध्ये कित्येकशे माणसं होती. पहिल्या दिवशी कपांचे फोटो आले. नंतर फक्त एकानं कधीतरी विचारलं, की व्हीपीएन कुणाचं चालतंय का. त्याला अजून उत्तर मिळालेलं नाही.

तोवर आमच्या वरिष्ठांना खर्चाचा घाम फुटला होता. शेअरपॉइंटची जागा विहिरीच्या पाण्यासारखी मोफत आहे असं पुष्कळांना वाटतं. कंपनीला मुळात 1 टीबी आणि दर लायसन्समागे 10 जीबी इतकी मिळते. तीच सगळ्यांनी वाटून खायची, वर लागली तर विकत. शोध पेटीत 'रजा नियम' टाकलं तर दहा जागचे दहा नियम यायचे. ऑडिटवाल्या मॅडमनी विचारलं, "या साइट्सचे मालक कोण?" आम्ही यादी दिली. यादीतले बरेच मालक कंपनी सोडून गेलेले, एक तर स्पर्धक कंपनीत वरच्या पदावर. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. त्यांनी चष्मा काढला की पुढच्या तिमाहीत कुलूप येतं, हा आमचा अनुभव.

कुलूप आलं. तांत्रिकदृष्ट्या ते सोपं असतं. ग्रुप काढायचा हक्क एका सिक्युरिटी ग्रुपपुरता ठेवायचा आणि बाकीच्यांचा काढून घ्यायचा, काही ओळींच्या स्क्रिप्टचं काम. पुढे टीम हवी तर फॉर्म, फॉर्मवर विभागप्रमुखांचं अ‍ॅप्रूव्हल, मग आमच्याकडे तिकीट. आमच्या साहेबांनी त्या महिन्याचा आलेख स्टिअरिंग कमिटीला दाखवला. रेघ तळाला आडवी झाली होती. टाळ्या पडल्या.

त्या टाळ्या चालू होत्या तेव्हा निम्मी कंपनी व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेली होती. ज्यांना दोन दिवसांत क्लायंटला काही द्यायचं होतं ती माणसं अ‍ॅप्रूव्हलची वाट बघत बसणार होती थोडीच. कंपनीच्या फायली लोकांच्या खासगी फोनमध्ये, भाचीच्या बारशाच्या फोटोंशेजारी जाऊन बसल्या. आलेखात ते दिसत नाही, कारण आलेख आमचाच. अशी बंदी मोजून बघण्यात अर्थ नसतो. तिनं पसारा थांबत नाही, आपल्याला दिसायचा थांबतो.

नारळफोडे सरांनी व्हॉट्सअ‍ॅपचा मार्ग घेतला नाही. ते नियमाला धरून वागणारे गृहस्थ आहेत. नवी टीम काढायला बंदी होती, जुनीचं नाव बदलायला नव्हती. त्यांनी आपल्या कोठारातून 'दिवाळी 2019' काढली, झटकली, तिचं 'बजेट प्लॅनिंग कॉन्फिडेन्शियल' असं नामकरण केलं, खात्याच्या अर्थसंकल्पाची एक्सेल शीट चढवली आणि कामाला लागले. म्हणजे इतरांना लावलं.

'दिवाळी 2019'मध्ये त्या वर्षी फराळ पुरवणाऱ्या केटररना गेस्ट म्हणून घेतलेलं होतं. नाव बदललं म्हणून माणसं बदलत नाहीत. सरांनी शीट चढवली, सगळ्या टीमला उद्देशून 'प्लीज रिव्ह्यू अँड कॉमेंट' असं लिहिलं, आणि वाकडला बसलेल्या त्या सज्जन माणसाला मेल गेला. त्यांनी रिव्ह्यू केला. सर्व्हरच्या आणि लायसन्सच्या रकान्यांवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. 'फूड अँड इव्हेंट्स' या ओळीखाली मात्र त्यांची कॉमेंट आली : "साहेब, एवढ्यात गुलाबजाम बसणार नाहीत. श्रीखंड धरू का?"

सरांनी त्याला अंगठा दिला. फायनान्सच्या एका मुलीनं 'हे कुणाच्या कॉस्ट सेंटरला?' असं विचारलं. केटररनी 'ते तुम्ही बघा' म्हणून कळवलं. हा संवाद तीन-चार दिवस नीट चालला होता. ऑडिटवाल्या मॅडमच्या नजरेस पडला नसता तर मला वाटतं श्रीखंड मंजूरही झालं असतं. आणि खरं सांगायचं, तर त्या शीटवर आलेली विचारपूर्वक कॉमेंट ती एकच होती.

त्यानंतर सेल्फ-सर्व्हिस पोर्टल आलं. हा प्रकार मात्र मला मनापासून आवडतो, मी त्याच्या कामात होते म्हणून नव्हे. टीम हवी? घ्या, लगेच मिळेल, कुणाच्या पाया पडायला नको. फक्त चार गोष्टी सांगा. कशासाठी हवी. मालक दोघं कोण. बाहेरचं कुणी येणार का. आणि संपणार कधी. उत्तरं दिली की पोर्टल स्वतःच नावाआधी खात्याचं नाव जोडतं, त्या कामाचा ठरलेला साचा लावतं, आणि तुम्ही पाणी पिऊन येईपर्यंत टीम तयार ठेवतं. गुप्त माहिती आहे म्हणालात तर गेस्टना दार उघडतच नाही. पहारेकरी तोच, पण तो आता सही मागत नाही, नाव-गाव लिहून घेतो.

पहिले तीन प्रश्न सरांनी सहज पार केले. 'कशासाठी' या रकान्यात ते 'कोलॅबरेशन' लिहायचे. 'टेस्ट' हा शब्द आम्ही बंदी असलेल्या शब्दांच्या यादीत टाकला, तेव्हा त्यांची 'चाचणी' नावाची टीम आली. यादी आम्ही इंग्रजीतच केली होती. मातृभाषेचं एवढं प्रेम मी त्यांच्यात आधी पाहिलं नव्हतं. दुसरा मालक म्हणून ते हाताला लागेल त्याला घालायचे. तो माणूस पुढे कंपनी सोडायचा, सरांचं खातं बदलायचं आणि टीम बेवारशी व्हायची. बेवारशी टीमसाठीही सोय असते. तिच्यात ज्यांचा सर्वांत जास्त वावर आहे त्यांना सिस्टिम आपण होऊन मेल पाठवते, 'तुम्ही मालक व्हाल का?' बहुतेक जण तो मेल फिशिंग समजून डिलीट करतात. एका ट्रेनीनं मात्र होकार दिला आणि आईला फोन करून ओनर झाल्याचं कळवलं. 'व्हर्च्युअल चहा' आता त्याच्या नावावर आहे.

चौथ्या प्रश्नाला सर अडले. "संपणार कधी म्हणजे?"

"म्हणजे हे काम कधी संपेल सर?"

"काम असं संपतं होय गं?" ते मनापासून विचारत होते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांना हा प्रश्न कुणी घातला नव्हता. अप्रेझलच्या फॉर्मवर 'या वर्षी आपण काय सुरू केलंत?' असा रकाना असतो. काय बंद केलंत, असा रकाना मी तरी पाहिलेला नाही. जो माणूस सुरुवातीवर बढत्या घेत वर आला त्याला शेवटाची तारीख कुठून सुचणार? त्यांनी 31 डिसेंबर लिहिलं. कुठल्या सालचा ते विचारू नका.

तारीख कुणी कितीही लांबची घालो, आमच्यापाशी मुदतीचं हत्यार होतं. कंपनीला ग्रुपचं आयुष्य ठरवता येतं, 180 दिवस, 365 दिवस किंवा आपल्या मर्जीनं. मुदत संपायच्या 30 दिवस आधी मालकाला मेल जातो, मग 15 दिवस आधी, मग आदल्या दिवशी. नूतनीकरण केलं नाही की ग्रुप पुसला जातो आणि त्यापुढे 30 दिवस परत आणता येतो. आम्ही 180 लावले आणि सरांच्या संस्थानाचा अस्त बघायला बसलो.

काही झालं नाही. एकही पुसली गेली नाही. आम्ही लॉग काढले तेव्हा उलगडा झाला. मुदत जवळ आलेल्या टीममध्ये कुणी नुसतं चॅनेल उघडून बघितलं, तरी तिथे वापर आहे असं धरून सिस्टिम मुदत आपोआप वाढवते. आणि सर दर सोमवारी सकाळी कॉफीचा मग घेऊन आपल्या सगळ्या टीम्समधून एक फेरफटका मारतात. काही लिहीत नाहीत, वाचतात असंही नाही. क्लिक करतात, बघतात, पुढे जातात. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "मुलंबाळं बरी आहेत ना, एवढंच बघतो."

या माणसावर चिडता येत नाही, ही आमची खरी अडचण आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी एका बँकेची सिस्टिम मध्यरात्री बसली. आमच्याकडे अशा वेळी काय करायचं याचं छापील मॅन्युअल आहे. ते शोधण्यात मंडळी गुंतली होती, तोवर सरांनी टीम उघडून नेटवर्कवाला, डेटाबेसवाली, बँकेकडचा माणूस, सगळ्यांना आत ओढलेलं होतं. कोण कुठल्या गोष्टीला उपयोगी पडेल हे त्यांना तोंडपाठ आहे, कारण कधी ना कधी सगळेच त्यांच्या कुठल्या ना कुठल्या टीममध्ये राहून गेलेत. पहाटे सिस्टिम उठली. अडीचशेंतल्या त्या एका नारळाला मी मानते. फॉर्म आणि अ‍ॅप्रूव्हलच्या दिवसांत तो फुटला नसता, आणि बँकेला आमचं मॅन्युअल सापडायची वाट बघावी लागली असती.

दरम्यान कंपनीत एआय सहायक आला. तो कर्मचाऱ्याला जे जे उघडायची मुभा आहे ते सगळं वाचतो आणि उत्तर देतो. आम्हाला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की सरांच्या टीम्स वाचणारा कुणीतरी अखेर भेटला. एका मुलानं विचारलं, शिल्लक रजा पुढच्या वर्षी नेता येते का? सहायकानं नम्रपणे सांगितलं, की सगळीच्या सगळी नेता येते. खाली संदर्भ होता : 'एचआर आयडियाज चाचणी' या टीममधला, सरांनी कधीकाळी टाकलेला, कुणीही न वाचलेला कच्चा मसुदा. त्या आठवड्यात सर खात्यात फारच लोकप्रिय होते.

एचआरला ते मानवलं नाही. नवा नियम निघाला. एका माणसाच्या नावावर ठरावीकच टीम्स राहतील, ती मर्यादा भरली की एक बंद करा आणि मग एक उघडा. मोजणी पहिल्या मालकाच्या नावावर.

सर आमच्या डेस्कवर येऊन बसले. त्यांना 'गरुड फेज थ्री' उघडायची होती आणि त्यासाठी एक बंद करायची होती. मी यादी उघडून दिली. "ही 'दिवाळी 2021' करू सर?" छे, तिच्यात रांगोळीचे फोटो आहेत. "'चाचणी'?" ती पुढे लागेल. "'गरुड कोअर न्यू फायनल'? हिच्यात एकही फाइल नाही." ते म्हणाले, "म्हणून तर. स्वच्छ आहे ती." दुपार अशीच गेली. शेवटी ते म्हणाले, "राहू दे, मी माझ्या जागेवर जाऊन निवडतो." तासाभरात त्यांचा फोन आला.

"केली बंद. पण अजून फुल्लच दाखवतंय."

मी बघितलं. त्यांनी बंद केली होती ती 'ट्रान्सपोर्ट कमिटी'. पहिले मालक चौथ्या मजल्यावरचे नारळफोडे, आमचे सर दुसरे. "सर, ती तुमच्या नावावर नव्हती, त्यांच्या होती. परत आणून देते, 30 दिवसांपर्यंत येते."

"थांब, थांब. म्हणजे त्यांची एक जागा रिकामी झाली?"

"हो."

"मग आणू नकोस परत. त्यांना सांग, 'गरुड फेज थ्री' त्यांच्या नावानं उघडा आणि दुसरा मालक मला घाला." पलीकडे कीबोर्डचा आवाज यायला लागला होता. "आणि त्यांना आणखी कुणाची बंद करून हवी असेल तर विचार. माझं बऱ्याच ठिकाणी दुसरं नाव आहे."